दोन्ही दिशांनी वाहणारी नदी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं गोळ्या-औषधं आणि पाऊसपाण्यातच संपून जातं, म्हणून हे पत्र. बातमी आनंदाची आहे, पण तिचा अर्धाच भाग कळला तर तुम्ही काळजीत पडाल, तेव्हा दोन्ही भाग एकदमच लिहिते. मार्चअखेरीस मी वर्कशॉपची नोकरी सोडते आहे. हडसन नदीच्या काठच्या एका छोट्या गावाने आपल्या नव्या वाचनालयातली जिन्याची भिंत मला दिली आहे. खालपासून वरपर्यंत, दोन मजले उंच. तिच्यावर मोझॅक, म्हणजे काचेचे-दगडाचे छोटे तुकडे बसवून केलेलं चित्र, करायचं आहे, आणि या वेळी ते चित्रही माझंच आहे.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला इथे ऐकू येतो: पैसे कोण देणार? गावच देणार. इथे बऱ्याच शहरांत असा नियम आहे की सरकारी इमारत बांधताना खर्चाचा साधारण एक टक्का कलाकृतीसाठी बाजूला काढायचा. फिलाडेल्फियाने तो सगळ्यांत आधी, १९५९ मध्ये केला. न्यू यॉर्क शहराचा कायदा १९८२ चा. माझ्या गावानेही तसाच ठराव केला आहे. आराखडा मंजूर झाला की पहिला हप्ता, काच आणि दगड मागवताना दुसरा, आणि भिंतीवर काम बसवून पाहणी झाली की उरलेली रक्कम. करार वकिलाकडून वाचून घेतला आहे. विम्याचीही चिंता नको, तुमच्या जावयाच्या ऑफिसच्या विम्यात मी आहेच. शिवाय पुढच्या वर्षासाठी एका बंगल्याच्या स्विमिंग पूलचं काम हातात आहे. ते कारखान्यात तयार झालेल्या काचेच्या चौकोनांचं आहे, त्यात माझ्या मनाचं फारसं काही नाही, पण त्यावर घरभाडं निघेल.

आता खरं सांगायचं ते. मागे एकदा आत्या म्हणाली होती, "इतकी वर्षं दुसऱ्यांचीच चित्रं चिकटवतेस ना?" तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आई, तुलाही ते लागलं होतं हे मला माहीत आहे. त्याचं उत्तर आज लिहिते.

तुम्ही आला होतात तेव्हा आपण सेकंड अ‍ॅव्हेन्यूच्या मेट्रोने ७२ व्या स्ट्रीटच्या स्टेशनवर उतरलो होतो. आई, वाघाचा पोशाख घालून बाकावर बसलेल्या त्या माणसाशेजारी तू फोटो काढून घेतलास, आणि बाबा कागद उडून गेलेल्या माणसापाशी बराच वेळ उभे राहिले. ती सगळी माणसं विक मुनीझ या ब्राझीलच्या कलावंताची. स्टेशन १ जानेवारी २०१७ ला सुरू झालं. त्याने माणसांचे फोटो काढले, चित्रं ठरवली, आणि ती काचेत घडवली म्युनिकच्या फ्रान्झ मायर या जुन्या वर्कशॉपने. ८६ व्या स्ट्रीटवर चक क्लोजचे माणसापेक्षा उंच चेहरे आहेत, तेही असेच कारागिरांच्या हातून उतरलेले. या देशात सार्वजनिक जागेतली बहुतेक मोठी मोझॅकं अशीच होतात: एकाचं चित्र आणि दुसऱ्यांचे हात.

पण ते हात चित्राची नुसती नक्कल करत नाहीत. फोटोतला गाल हा रंगाचा एक सलग उतार असतो. काचेत उतार नसतो, तुकडे असतात. तो गाल कुठल्या तुकड्यापाशी संपवायचा, तुकड्यांची ओळ हनुवटीकडून कानाकडे न्यायची की डोळ्याखालून वळवायची, हे फोटोत लिहिलेलं नसतं. या ओळींच्या चालीला इटलीत आंदामेंतो म्हणतात. तेच रंग, तेच तुकडे घेऊन ओळ चुकीच्या दिशेने नेली तर चेहरा मेल्यासारखा दिसतो. नीट नेली तर लांबूनही त्वचेखाली हाड असल्याचं कळतं. ती ओळ बसवणाऱ्याची असते. दुसऱ्यांच्या चित्रांत इतकी वर्षं मी हेच करत होते, आणि ते माझंच काम होतं. आत्याला हे जरूर वाचून दाखवा, रागाने नव्हे, तिला आवडेल म्हणून.

इटलीतल्या राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चमधल्या, इ.स. ५४७ च्या सुमाराच्या भिंती मी विद्यार्थी असताना पाहिल्या. सम्राज्ञी थिओडोरा तिथे आपल्या परिवारासह उभी आहे. सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांत कोंडून केलेले तुकडे आहेत, आणि ते सगळे एका पातळीत नाहीत. जवळ जाऊन पाहिलं तर काही खाली झुकलेले, काही बाजूला. आपण चालू लागलो की भिंतीवरचा उजेड आपल्याबरोबर सरकतो. बाबा, पातळीत फरक राहिला म्हणून तुम्ही लादी उखडायला लावायचात, आणि इथे तो फरक मुद्दाम ठेवला होता. ज्यांनी तो ठेवला त्यांची नावं कुठे नाहीत.

तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नाही, पण शिकायला मी स्पिलिंबेर्गोलाच का गेले त्याचं एक कारण तुम्ही आहात. उत्तर इटलीतल्या फ्रिउली भागातलं हे गाव. आजूबाजूच्या नद्यांची पात्रं गोट्यांनी भरलेली, शेती बेताची. म्हणून तिथली माणसं दगडाचं काम घेऊन शतकानुशतकं व्हेनिसला आणि पुढे जगभर गेली. काही भिंतींवर मोझॅक करत, काही चुन्यात-सिमेंटमध्ये दगडाच्या चिपा घालून, घासून फरशी करत. म्हणजे तुम्ही कऱ्हाडमध्ये जी मोझॅक लादी घरोघर बसवून पॉलिश केलीत, ती याच कामाच्या भावकीतली. स्पिलिंबेर्गोची शाळा १९२२ साली सुरू झाली. मुंबईतल्या भारत टाइल्सची सुरुवातही १९२२ चीच. इटलीतल्या त्या शाळेत टेराझो, म्हणजे हीच चिपांची फरशी, घासायला शिकवत तेव्हा ६० नंबरचा दगड, मग १२०, मग ३२० हा क्रम मला आधीच पाठ होता. मास्तरांनी विचारलं कुठे शिकलीस, तर म्हटलं, वडिलांच्या मशिनीमागे पाणी ओतता ओतता.

त्याच भागातल्या सेक्वाल्स गावचा जान्दोमेनिको फाक्किना. १८७५ मध्ये उघडलेल्या पॅरिसच्या ऑपेरात त्याचं मोझॅक आहे. ज्या उलट्या पद्धतीने आज मोठमोठी कामं होतात, तिचा प्रसार त्याने केला. चित्र उलटं काढायचं, जाड कागदावर तुकडे तोंड खाली करून पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने चिकटवायचे. मग त्या कागदाचे भाग करून, नंबर घालून साइटवर न्यायचे, ओल्या मसाल्यात दाबायचे. मसाला धरला की कागद भिजवून सोलायचा. परांचीवर महिनोन्‌महिने बसावं लागत नाही. वर्कशॉपमध्ये टेबलावर काम होतं, आणि पृष्ठभाग सपाट येतो. सपाट येतो हाच तिचा गुण आणि हीच तिची मर्यादा, कारण राव्हेन्नासारखे झुकते तुकडे असे बसत नाहीत.

माझ्या भिंतीवर मी दोन्ही वापरणार आहे. भिंतीचा खालचा भाग मुलांच्या हाताला लागणारा. हातोडीने फोडलेल्या काचेच्या कडा बोट कापतात, तेव्हा तिथे संगमरवर आणि नदीतले गोटे, उलट्या पद्धतीने बसवून, मग तुमच्या क्रमाने घासून गुळगुळीत केलेले. वरच्या भागात, हात पोचत नाही तिथे, व्हेनिसची स्माल्ती. ही अपारदर्शक काच आहे. ओर्सोनीची भट्टी १८८८ पासून ती करते. वितळलेला रस ओतून त्याच्या पोळ्या करतात आणि त्या कापून तुकडे पाडतात. ती थेट पद्धतीने, तोंड वर करून, एकेक तुकडा कललेला. महाग आहे, म्हणून जिथे उजेड पडतो तिथेच.

आणि चित्र नदीचं आहे. आई, हे तुझ्यासाठी. हडसनचं पाणी समुद्रापासून ट्रॉय गावच्या बंधाऱ्यापर्यंत, सुमारे २४५ किलोमीटर आत, भरती-ओहोटीने चढतं-उतरतं. काठावर उभं राहिलं तर काही तास नदी उत्तरेकडे जाताना दिसते. इथल्या लोकांना याचं फार नवल वाटतं. मला वाटलं नाही, कारण तू गोवळकोटच्या धक्क्यावर मला वाशिष्ठीचं पाणी उलटं चढताना दाखवलं होतंस, आणि खाडीला घाई नसते, असं म्हणाली होतीस. कऱ्हाडला परत आल्यावर मी कृष्णेकडे बघत बसायचे, ही का नाही परत येत म्हणून.

तर भिंतीवर नदी खालून वर उभी आहे, नकाशात असते तशी. तिच्या मध्यभागी तुकड्यांच्या ओळी खाली समुद्राकडे येतात, आणि काठांजवळच्या ओळी वर चढतात. रंग जवळपास तेच, फक्त चाल उलटी. जिना चढणाऱ्याला एक दिसेल, उतरणाऱ्याला दुसरी. मधे एकच मोठा मासा आहे, स्टर्जन. अंगावर हाडाच्या ढाली असलेला हा मासा समुद्रात राहतो आणि अंडी घालायला नदीत शिरतो. त्याची इथली जात २०१२ पासून धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. मुलांनी आधी त्याला शोधावं आणि मग नदी बघावी, असं मी ठरवलं आहे.

एक अडचण होती. भिंतीत वरपासून खालपर्यंत एक्सपान्शन जॉइंट आहे, म्हणजे भिंतीला आकुंचन-प्रसरणासाठी ठेवलेली फट. त्याच्यावरून मोझॅक सलग नेलं तर पहिल्याच थंडीत तडा जाणार. आर्किटेक्ट म्हणाले, चित्र दोन भागांत करा. मला नदी तोडायची नव्हती. शेवटी पूर्व काठाने जी रेल्वे जाते, तिचा रूळ मी नेमका त्या फटीवर आणला. आता फट रुळांच्या मधली जागा होऊन बसली आहे, आणि तिच्यात लवचीक भर घालायची आहे. बाबा, हे सुचलं तेव्हा तुम्हाला रात्रीच फोन करावासा वाटला. तिकडे पहाट होती.

खासगी कामं मी सोडणार नाही. सगळीच पूलसारखी नसतात. मागच्या वर्षी एका बाईंनी घराच्या प्रवेशाची फरशी करून घेतली. त्यांची नजर हळूहळू जाते आहे. त्यांना रंग नको होते, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत अनवाणी पायाला कळेल अशी ओळ हवी होती. गुळगुळीत संगमरवरात खरखरीत फोडलेल्या दगडाची एक पट्टी, वळणावर थोडी रुंद होणारी. त्या डोळे मिटून चालून बघत आणि सांगत, इथे जरा उशिरा कळतं. मी तेवढे तुकडे काढून पुन्हा बसवत असे. ते काम कुणी बघायला येणार नाही, आणि माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत मी ते धरते. पण वाचनालयात कुणीही येईल. शाळा सुटल्यावर आई-बाबा कामावरून येईपर्यंत बसलेली मुलं येतील, थंडीत ऊब हवी म्हणून आलेला माणूस येईल. तिकीट नाही, आमंत्रण नाही. अशा जागेसाठी स्वतःचं चित्र करावं, ही इच्छा फार दिवसांची होती.

बाबा, तुमचा खोकला मनात आहे. कोरडं घासताना उडणारी दगडाची धूळ छातीत बसते, आणि तुमच्या काळात तोंडाला फडकं बांधण्यापलीकडे काही नव्हतं. मी सगळं पाण्याखाली घासते, मास्क लावते. तुम्ही मात्र छातीचा फोटो काढून घ्या, आणि किती वर्षं लाद्या घासल्या हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. रिपोर्ट मला फोनवर पाठवा.

भिंतीवर काम चढवायला सप्टेंबरात सुरुवात होईल. तुमचा व्हिसा अजून चालू आहे, आणि तेव्हा इथे हवा बरी असते. गुडघ्यांना जमत असेल तर तेव्हाच या. वाचनालयात लिफ्ट आहे, मी आधीच विचारून ठेवलं. पहिली ओळ लावायच्या दिवशी सूत धरायला तुम्ही हवे आहात. तिथल्या गवंड्यांना लेझर आवडतो, पण सूत धरलेलं मला जास्त कळतं.

आणि आई, तू मामाला फोन करून एक विचार. भरती पूर्ण चढून थांबते आणि ओहोटी अजून लागलेली नसते, त्या मधल्या वेळात खाडीचा रंग कसा असतो? मला आठवतो तो तपकिरी आणि हिरव्याच्या मधला, पण मी लहान होते. त्याला जमलं तर दोन-तीन वेगळ्या दिवशी, एकाच जागी उभं राहून फोटो काढायला सांग. काच मी पुढच्या महिन्यात मागवणार आहे, त्याआधी आले तर बरं.

तुमची,
मनू