आई-बाबांना : ‘सगळ्यांना पाठवा’ म्हणणाऱ्या व्हायरसबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुम्ही पुढे पाठवलेला ईमेल मिळाला: ‘ऑलिम्पिक मशाल’ नावाचा व्हायरस हार्ड डिस्क जाळतो, सगळ्यांना पाठवा. ती २००६ पासून फिरणारी अफवा आहे. घाबरू नका आणि कॉम्प्युटरमधलं काही उडवू नका.

त्यात लिहिलंय, ‘हा व्हायरस काल सापडला.’ तारीख कुठेच नाही, म्हणून मजकूर कधी शिळा होत नाही. मायक्रोसॉफ्ट, सीएनएन अशी नावं आहेत, पण त्यांच्या साइटवरची सूचना कुठे वाचायची ते नाही. खऱ्या सूचनेत कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, कोणतं अपडेट हे नेमकं असतं. शिवाय व्हायरस डेटा पुसू शकतो. मेलमध्ये म्हटल्यासारखी हार्ड डिस्क ‘जाळत’ नाही.

जास्त त्रास देतात ते ‘अमुक फाइल शोधून डिलीट करा’ म्हणणारे मेल. २००२ मध्ये असाच एक फिरला: जेडीबीजीएमजीआर ही फाइल शोधा, तिच्यावर राखाडी टेडी बेअर दिसेल, तोच व्हायरस, अँटिव्हायरसला तो सापडत नाही. लोक शोधायचे, टेडी दिसायचा, खात्री पटायची. फाइल विंडोजचीच होती, म्हणून घरोघरी सापडायची. आणि व्हायरस नव्हतीच, तर अँटिव्हायरसला सापडणार काय? अशी फाइल चुकून उडवलीत तर रिसायकल बिनमध्ये तिच्यावर राइट क्लिक करून ‘रिस्टोर’ करा.

पुढच्या वेळी मेलमधलं एखादं विचित्र वाक्य किंवा फाइलचं नाव कॉपी करा, गूगलमध्ये अवतरणचिन्हांत टाका आणि पुढे ‘होक्स’ (hoax, म्हणजे अफवा) हा शब्द इंग्रजीत लिहा. जुनी अफवा असेल तर बहुतेक वेळा पहिल्याच पानावर कळतं. काही सापडलं नाही म्हणून मेल खरा ठरत नाही, मला विचारा. मेलमधली लिंक मात्र तपासण्यासाठीसुद्धा उघडू नका. मनात शंका राहिलीच तर स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘क्विक स्कॅन’ चालवा.

आई, स्क्रीनवर ‘व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा’ असं दिसलं तर ती अफवा नाही, सरळ फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. फोन करू नकोस, कुणी सांगितलं तरी एनीडेस्क (दुसऱ्याला लांबून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप) घेऊ नकोस. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन.

बाबा, तो मेल ज्यांना पाठवलात त्यांना एवढंच कळवा: ‘आधीचा इशारा खोटा आहे, पुढे पाठवू नका.’ पत्ते ‘बीसीसी’त घाला, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसणार नाही.

तुमची,
मनू