आमच्या गारठ्याचं खातं कोणतं? नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : हिवाळ्यात घर ऊबदार ठेवण्यासाठी लाकूड, सोलर आणि गॅस यांचा एकत्र विचार करण्याबाबत

महोदय, सादर नमस्कार.

आपल्या पीएम सूर्यघर योजनेतून आमच्या छपरावर तीन किलोवॉटचं सोलर बसलं. ७८,००० रुपयांची सबसिडी खात्यात आली, त्याबद्दल आभार. पैशांची तक्रार नाही. पण परवा माझ्या सासूबाईंना दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला आणि त्याचा या सोलरशी संबंध आहे, म्हणून हे पत्र.

परवा सकाळीच आमच्या भागाची लाइट गेली. आधी दाट धुकं, मग लख्ख ऊन पडलं. वर पॅनेल उन्हात तापलेले आणि खाली इन्व्हर्टरच्या इवल्याशा पडद्यावर 'नो ग्रिड', शेजारी लाल दिवा. हीटर बंद, गिझर बंद. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, लाइट गेली की हे सोलरही बंदच होतं, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसेल. लाइनमनचा जीव जपलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण सही घेताना हे आम्हाला का सांगितलं नाही? तेव्हा तर 'आता लाइटची चिंता मिटली' असं म्हणत होते.

शेवटी सासूबाईंच्या खोलीत कोळशाची शेगडी नेली. दार लावलं तर कोळशाचा वायू जीव घेतो, आमच्याकडे दर हिवाळ्यात तशा बातम्या येतात. दार उघडं ठेवलं तर गारठा आत. म्हणून दार किलकिलं ठेवलं, खिडकीची एक झडप उघडली. तरी संध्याकाळी त्यांना धाप लागली. वय ८४, दमा जुना. ती रात्र आम्ही दवाखान्याच्या लोखंडी बाकावर काढली आणि तिथेही खोल्या गारच होत्या.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे तळ दिला आणि छावणीचं शहर झालं. त्या जुन्या मराठी वस्तीतली घरं ४५ अंशांचा उन्हाळा निभवायला बांधलेली आहेत : जाड दगडी भिंती, पटियांचं, म्हणजे लांब दगडी फरश्यांचं, छत, मधे उघडा चौक. मे महिन्यात याच भिंती सुख देतात. जानेवारीत पारा चारच्या खाली उतरला की त्यांना हात लावला तरी बोटं आखडतात. मैदानी भागात किमान तापमान ४ अंशांवर आलं की हवामान खातं शीतलहर जाहीर करतं, २ वर आलं की तीव्र शीतलहर. जाहीर करतं, पण त्या रात्री घरात ऊब कशी आणायची हे कुठलंच खातं सांगत नाही. चौकात अलाव, म्हणजे शेकोट्या, पेटतात, ब्लँकेट वाटताना फोटो निघतात, संपलं.

मी शाळेत गणित शिकवत असे, म्हणून हिशेब मांडते. तीन किलोवॉटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतं. दोन हजार वॅटचा हीटर सहा तास लावला की बारा युनिट संपले. म्हणजे एका खोलीची ऊब आणि घराची सगळी वीज सारखीच. त्यात धुक्याच्या दिवसांत, नेमकी थंडी बोचते तेव्हा, पॅनेल निम्मंही देत नाहीत. एकट्या सोलरच्या विजेवर आमचा हिवाळा निघत नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि जिथे ऊन खरोखर उपयोगी पडतं, तिथे तुम्ही हात काढून घेतलात. शंभर लिटर पाणी १५ अंशांवरून ५५ पर्यंत न्यायला साडेचार युनिटच्या वर वीज लागते. तेच पाणी छपरावरच्या काचेच्या नळ्यांच्या सोलर हीटरमध्ये विजेशिवाय तापतं, लाइट गेली तरी तापतं. त्याची सबसिडी २०१४ मध्येच बंद केलीत. त्याच वर्षी आपल्याच मंत्रालयाने कमी धुराच्या सुधारित चुलींसाठी उन्नत चूल्हा अभियान काढलं होतं. आमच्या गल्लीत त्यातली एकही चूल मी पाहिली नाही.

म्हणून आम्ही आपले बंबावर. न्हाणीघरात सासूबाईंच्या लग्नातला तांब्याचा बंब अजून आहे. बाभळीचं सरपण आणतो. बाभूळ नीट वाळली की टोकाला चिरा पडतात आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणतात. पण टालवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, लाकूड वजनावर विकतात. ओलं जितकं जास्त, तितकी टालवाल्याची कमाई जास्त. ओल्या लाकडाची बरीच आग पाणी आटवण्यात जाते, उरतो धूर. धुराचं वाईट आम्हालाही कळतं. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या प्रदूषित शहरांच्या यादीत ग्वाल्हेर दुसरं होतं, आणि ती हवा सासूबाईंच्याच छातीत गेली आहे. पण हिमाचलात घरोघरी लोखंडी तंदूर असतो, त्याचा पाइप छपराबाहेर जातो, खोलीत ऊब राहते आणि धूर बाहेर. तो इथे का मिळत नाही? लाकूड जाळू नका एवढं सांगून मोकळं होता येतं, पण मग आम्ही काय जाळायचं?

गॅस म्हणाल, तर २०१५ मध्ये 'गिव्ह इट अप'ची हाक आली तेव्हा आमच्या घरातून सबसिडी लगेच सोडली. पुढे २०२० पासून बाकीच्या साध्या ग्राहकांचीही थांबली. सिलिंडर नऊशेच्या पुढे गेला. गॅस गिझर बंद न्हाणीघरात माणसं मारतो, तो बाहेर लावायचा तर जुन्या घरात जागा कुठे?

लाकूड, ऊन, गॅस : तिन्ही आमच्या एकाच घरात, एकाच सकाळी लागतात. ऊन असलं की पाणी उन्हावर, धुकं असलं की बंबावर, घाईच्या वेळी गॅसवर. तुमच्याकडे मात्र तीन योजना, तीन पोर्टल, तीन ओटीपी. एक खातं छप्पर बघतं, दुसरं सिलिंडर, तिसरं धूर. आत कुडकुडणारं म्हातारं माणूस कोणालाच दिसत नाही. उज्ज्वला किती, किलोवॉट किती, याचे आकडे छापता. किती घरांत हिवाळ्यात एक तरी खोली ऊबदार राहते, तो आकडा मोजा ना!

मला हवं ते सांगते. लाइट गेल्यावरही चालेल अशा हायब्रिड इन्व्हर्टरला आणि बॅटरीला वेगळी सबसिडी द्या. सध्या ती फक्त किलोवॉटवर मिळते. सोलर वॉटर हीटरची मदत परत सुरू करा. धुराड्याची शेगडी आणि वाळलेलं सरपण शहरातही मिळू द्या. आणि सोलर विकणाऱ्याने सही घेण्याआधी, लाइट गेली की हे बंद पडेल, असं मराठीत, हिंदीत, ज्याला जे वाचता येतं त्यात लिहून द्यावं.

सासूबाई काल घरी आल्या. मी इन्व्हर्टरची तक्रार पोर्टलवर टाकली होती, ती कोणीही घरी न येता 'निराकरण झाले' म्हणून बंद झाली आहे. या पत्राचं तसं करू नका. मला सहीचं उत्तर हवं आहे, पुढचा हिवाळा लागायच्या आत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर