चपला राखणाऱ्यास पत्र

परळ, रविवार रात्र

प्रिय सल्या,

आठ महिने झाले, साधा फोनही केला नाही. शिव्या घाल, पण नंतर. शुगर आटोक्यात, गुडघा नाही. पुरे.

मागच्या आठवड्यात पाचवीतल्या एका पोरीच्या बापाची चिठ्ठी आली: माझ्या मुलीला पाटीपूजनाला बसवू नये. खाली घटनेचं कलम २८, लाल पेनाने अधोरेखित. आमची शाळा अनुदानित. पालकाच्या संमतीशिवाय मुलाला पूजा-प्रार्थनेला बसवता येत नाही, कलमात स्पष्ट आहे. चिटणीस तापले. "चाळीस वर्षांचा रिवाज आहे, सर!" म्हटलं, घटना १९५० ची आहे. (तू असतास तर म्हणाला असतास, आला मोठा वकील.)

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मीच तिला वाचनालयात नेऊन बसवलं, गोष्टीचं पुस्तक दिलं. खालून आरतीच्या टाळ्या ऐकू येत होत्या. पोरगी म्हणाली, "सर, मी काय केलंय?" पुस्तक मिटलेलंच. वहीच्या मागच्या पानावर एक-एक आकड्यांची सरस्वती काढत होती, अर्धी झालेली.

सल्या, मला जिन्याखालचा तू दिसलास. सातवी. वर्गबाईंनी "तू चपलांवर लक्ष ठेव हं" म्हणून बसवलेला. मी खोबरं-साखर घेऊन आलो नि तू ती माझ्याच चपलेत ओतलीस. तीन आठवडे बोललो नव्हतो. मला वाटायचं मी उदार, तू माजोरी. चपलेची माफी तू अजून मागितलेली नाहीस, असो.

विल्सन कॉलेजच्या पायऱ्यांवर तू तावातावाने म्हणायचास, शाळेतून धर्म बाहेर काढा. अरे, ह्या शहरात मुलींची शाळा १८२४ साली काढली ती अमेरिकन मिशनऱ्यांनी, बायबलसकट. १८३९ साली मिशनरी विल्सनसाहेबांच्या (आपलं कॉलेज ज्यांच्या नावाचं) शाळेतल्या दोन पारशी पोरांनी बाप्तिस्मा घेतला, तर धास्तावलेल्या पालकांनी मुलं काढून घेतली. तेव्हापासून आपण भांडतोच आहोत. मी तर कलम अक्षरशः पाळलं आणि दहा वर्षांच्या पोरीला वर्गाबाहेर काढलं. पूजाच बंद करावी, तर पाट्या धुऊन आणणारी बाकीची पोरंही माझीच. चिटणिसांना उद्या काय सांगू?

तुझ्या लेकीचा निकाल जूनमध्येच कळला होता, अभिनंदन आत्ता. पनवेलच्या फ्लॅटचं काय झालं? भाभींना सलाम.

आणि एक सांग. त्या दिवशी तुला आत यायचं होतं का? मी तेव्हा विचारलंच नाही.

तुझा,
बंड्या