प्रसूतिगृहाच्या दारावरची पाटी बदला

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी शहादा तालुक्यातली शेतकरी बाई. रासायनिक खतं बंद करून शेणखत, जीवामृत आणि आच्छादनावर कापूस, तूर, दादर ज्वारी घेते. पराटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जाळत नाही, बारीक करून शेतातच पसरते. पहाटे बायकांना योग शिकवते आणि गावात कुणाचे दिवस भरले की सोबत म्हणून दवाखान्यात जाते. बाळंतपण मी करत नाही. ते डॉक्टर-सिस्टरांचं काम. मी कंबर दाबते, पाणी पाजते, कळ आली की श्वास लांब सोडायला लावते. यातल्या कुठल्या कामाला पगार नाही, ही घरच्यांची तक्रार वेगळी.

माझी तक्रार दाराची आहे. त्यावर पाटी असते, ‘नातेवाइकांना प्रवेश नाही’. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ एक सोबतीण असू द्यावी, असं केंद्र सरकारनं 2016 मध्येच सांगितलंय. प्रसूतिगृहं सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात तर सोबतीण, पडदा आणि सोयीच्या स्थितीत बाळंत होण्याची मुभा, तिन्ही आहेत. आमच्याकडे मात्र पाटीच खरी.

सातपुड्यातून आलेली एक पहिलटकरीण. तिला पावरी बोली कळते, सिस्टर मराठीत ‘जोर लाव’ म्हणते. ती खाटेची कड धरून उकिडवी बसू बघत होती. ‘आडवी हो’ म्हणून तिला उताणं झोपवलं. बाहेर भिंतीवर योगदिनाचं पोस्टर होतं, त्यावर मालासन! तेच उकिडवं बसणं. त्यात बाळाचं वजन खाली येतं, वाट मोकळी होते. उताणं झोपवलं की गर्भाशयाचा भार मागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो. आमच्या म्हाताऱ्या सुईणींना हे पोस्टरशिवाय ठाऊक होतं.

सिस्टरवर माझा राग नाही. एकटीनं खाटाही सांभाळायच्या आणि रजिस्टरंही भरायची, तर बाई आडवी असलेलीच तिला सोयीची. म्हणूनच सोबतीण आत हवी. सुईणींना या कामाचं रीतसर प्रशिक्षण द्या, निदान बसभाडं द्या. आणि केंद्राच्या 2018 च्या धोरणाप्रमाणे अठरा महिने बाळंतपणाचं खास शिक्षण घेऊन तयार होणाऱ्या मिडवाइफ नर्स आधी सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे पाठवा. तिथल्या काही पाड्यांवरून बाई आजही झोळीतून खाली येते.

आणखी एक. हे कृषी खात्याचं म्हणून टोलवू नका. पोटुशी बाई फवारलेल्या कापसात सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत वेचणी करते, ओटीत कापूस भरते. म्हणजे औषध लागलेली बोंडं थेट पोटाला टेकलेली. तपासणीत वजन होतं, रक्त बघतात, पण ‘फवारणीच्या शेतात जातेस का?’ हे मी अजून कुणाला विचारताना ऐकलं नाही. कार्डावर तेवढा एक रकाना वाढवा.

21 जूनच्या योगदिनाच्या चटया यंदा नाही आल्या तरी चालेल. तेव्हा आमच्याकडे पेरणीची घाई असते, बायका येतच नाहीत. त्याऐवजी सोबतिणीला आत घेण्याचं सहीशिक्क्याचं परिपत्रक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला पाठवा. एक प्रत मलाही द्या. दिवाळीच्या सुमाराला गावात दोघींचे दिवस भरतायत.

आपली,
शहादा तालुक्यातली एक शेतकरी आणि सोबतीण