कोठडीतल्या एकांतवासिनी भिंतीत चिणलेल्या नव्हत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्ययुगीन इंग्लंडमधील एकांतवासिनींना ‘भिंतीत चिणून मारत’, असे रविवार पुरवणीतल्या लेखात छापून आले आहे. ते चूक आहे. प्रार्थनेचे व्रत घेऊन चर्चला लागून बांधलेल्या कोठडीत ही स्त्री जन्मभर राहायची. आत जाताना तिच्यासाठी मृतांच्या प्रार्थना म्हणत, त्यातून हा घोळ झाला असावा. पण त्याआधी बिशपची परवानगी लागे, आणि तिच्या पोटापाण्याची व्यवस्था झाली आहे ना, याची सहसा चौकशी होई.

‘अँक्रीन विस’ या ग्रंथाला लेखात ‘आत्मक्लेशाची नियमावली’ म्हटले आहे, तेही पटत नाही. 13व्या शतकाच्या पूर्वार्धात एकांतवासिनी झालेल्या तीन सख्ख्या बहिणींसाठी तो इंग्रजीत लिहिला गेला. लेखकाचे नाव कळत नाही, पण माणूस मोठा व्यवहारी. ग्रंथाचे भाग आठ; पहिला नित्य प्रार्थनांचा, आठवा राहणीचा, मधले सहा मनाचे. राहणीचे नियम ही दासी आणि मनाची शुद्धी ही मालकीण, असे तो सुरुवातीलाच बजावतो.

आठवा भाग तर मुळातूनच वाचावा. गुरुजनांना विचारल्याशिवाय अंगाला केसांचे बोचरे कापड लावायचे नाही, शिसे लावलेल्या चाबकाने किंवा काटेरी फांद्यांनी स्वतःला मारायचे नाही. अंग हवे तितक्यांदा धुवावे. प्रकृतीसाठी रक्त काढायचे (हा तेव्हाचा उपचार) ते वर्षातून चारदा, आणि नंतर तीन दिवस जड काम बंद. दासींशी चांगल्या गोष्टी बोलत बसावे. जनावर पाळायचे तर फक्त मांजर. गाय नको, कारण मग चाऱ्याची चिंता आली, ती कोंडवाड्यात गेली की रखवालदाराची मनधरणी आली, वर नुकसानभरपाई! दुसऱ्यांच्या चीजवस्तू सांभाळायच्या नाहीत, शाळा चालवायची नाही.

धाक आहे तो खिडकीचा. भेटीच्या खिडकीला काळा पडदा, त्यावर पांढरा क्रूस. खिडक्या होतील तितक्या लहान. उपासमारीपेक्षा गप्पांनी, गावच्या बातम्यांनी व्रत मोडते, हे लेखकाला पक्के ठाऊक होते. म्हणून शुक्रवारी मौन. दासी दोन, एक घरात राहणारी, दुसरी बाहेरची कामे करणारी. आठव्या भागातले त्यांचे नियम त्यांना पाठ होईपर्यंत दर आठवड्याला वाचून दाखवायचे.

पुढच्या अंकात निदान भिंतीत चिणण्याचे विधान तरी दुरुस्त करावे, ही विनंती.

– एक वाचक