सहलीचा आराखडा तिथल्या घड्याळावर बेतावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्पेनच्या सहलीचा जो आराखडा छापून आला, त्याबद्दल हे पत्र. आठ दिवसांत सात शहरं: बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, माद्रिद, टोलेडो, कोर्डोबा, ग्रानादा आणि सेव्हिया. लिहिणाऱ्याचा उत्साह ओळीओळीत जाणवतो आणि छायाचित्रं फारच देखणी आहेत. पण हा कागद हातात घेऊन कोणी खरोखर निघालं, तर त्यांच्या वाट्याला रेल्वे स्टेशनं आणि सामानाची ओढाताण जास्त येईल, या काळजीने लिहीत आहे.

मी शाळेत भूगोल शिकवत असे. निवृत्तीनंतर घरातल्यांच्या सहली आखण्याचं काम माझ्याकडे आलं आणि मला ते मनापासून आवडतं. स्पेनला आम्ही चौघं गेलो: मी, माझी मोठी बहीण, तिची मुलगी आणि माझा मुलगा. ताईला चित्रं आणि जुन्या इमारती पाहायच्या होत्या, शिवाय ती शाकाहारी. भाचीला रात्रीचं गाणं-नाचणं हवं होतं, मुलाला समुद्र आणि मला बाजार व जेवण. अशी चार तोंडं चार दिशांना असतात तेव्हा प्रत्येकासाठी एकेक शहर वाढवत जाण्याचा मोह होतो. आपल्या आराखड्यातही तेच झालेलं दिसतं. मला वाटतं, शहरं कमी करून एकाच दिवसाचे तास नीट वाटले तर चौघांचंही भागतं. मात्र त्यासाठी त्या देशाचं घड्याळ आधी समजून घ्यावं लागतं.

पुरवणीत रोज रात्रीचं जेवण साडेसातला धरलं आहे. स्पेनमध्ये त्या वेळी बहुतेक खानावळींची स्वयंपाकघरं बंद असतात. दुपारचं जेवण दोन ते चार, मग विश्रांती आणि रात्रीचं जेवण नऊच्या पुढे. याचं एक मोठं कारण नकाशावर दिसतं. माद्रिदचं रेखांश पश्चिमेकडचं, लंडनच्याही पलीकडचं. तरीही 1940 साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनची घड्याळं एक तास पुढे करून मध्य युरोपाशी जुळवली गेली आणि ती तशीच राहिली. उन्हाळ्यात त्यात आणखी एका तासाची भर पडते. म्हणून जुलैत माद्रिदला सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी सव्वादोनच्या पुढे, आणि मावळतो रात्री पावणेदहाच्या सुमाराला. लोकांच्या सवयींमागे इतरही कारणं आहेत, पण सूर्याकडे पाहिलं तर तिथली माणसं फारशी उशिरा जेवत नाहीत. उशीर दिसतो तो घड्याळात. वर्गात रेखांश शिकवताना मी हे उदाहरण नेहमी देत असे, मुलं लगेच खुलायची.

हे एकदा ध्यानात आलं की दिवस आपोआप बसतो. सकाळी दहाला संग्रहालय. दोन वाजता भरपेट जेवण, कारण सोमवार ते शुक्रवार बहुतेक ठिकाणी ‘मेनू देल दिया’ म्हणजे ठरलेल्या पदार्थांचं दुपारचं ताट मिळतं आणि रात्रीपेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. मग खोलीवर झोप. सहानंतर पुन्हा बाहेर, नऊला थोडं थोडं खात एका खानावळीतून दुसरीत आणि तिथून पुढे तरुणांची रात्र. दुपारची झोप आळसाची समजू नये. सेव्हियात जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. दुपारी रस्त्यावर पर्यटकांखेरीज क्वचितच कोणी दिसतं. आपल्या आराखड्यात मात्र दुपारी तीन ते सहा पायी शहरदर्शन आहे. एखाद्या वयस्कर वाचकाने ते शब्दशः पाळलं तर त्रास होईल, हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

दुसरा मुद्दा शहर बदलण्याचा. माद्रिद ते सेव्हिया वेगवान गाडीने अडीच तास, असं पुरवणीत लिहिलं आहे आणि ते बरोबरच आहे. ही स्पेनमधली पहिली वेगवान रेल्वे, 1992 सालची. पण शहर बदलणं त्या अडीच तासांत उरकत नाही. हॉटेलची खोली अकरा-बाराला सोडायची आणि नवी मिळते दोन-तीनला. वेगवान गाड्यांच्या मोठ्या स्टेशनांवर सामान यंत्रातून तपासतात आणि गाडी सुटण्याआधीच फलाटाचं दार बंद होतं, त्यामुळे अर्धा तास आधी पोचलेलं बरं. अर्धा दिवस सहज जातो. सात शहरं म्हणजे सहा स्थलांतरं, म्हणजे आठांतले तीन दिवस बॅगांपाशी.

शिवाय शहरांचा क्रम अंतरावरून ठरवता येत नाही. स्पेनची वेगवान रेल्वे माद्रिदपासून चाकाच्या आऱ्यांसारखी बाहेर पसरली आहे. माद्रिद ते बार्सिलोना 600 किलोमीटरहून अधिक, तरी अडीच तासांत पोचता येतं; व्हॅलेन्सिया ते बार्सिलोना साधारण 350 किलोमीटर, पण किनाऱ्याच्या त्या मार्गाला तीन तासांच्या आसपास लागतात. म्हणून आम्ही बार्सिलोनाला उतरलो, तिथून व्हॅलेन्सिया, मग माद्रिद, मग सेव्हिया, आणि परतीचं विमान सेव्हियाहून घेतलं. एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतण्याचं असं तिकीट एकत्रच काढता येतं आणि आलेल्या वाटेने मागे जाण्याचा दिवस वाचतो. बार्सिलोनाला तीन रात्री, व्हॅलेन्सियाला दोन, माद्रिदला तीन, सेव्हियाला तीन. टोलेडो आणि कोर्डोबा आम्ही मुद्दाम सोडली. ग्रानादाही सोडलं, ताईला तिथला अल्हाम्ब्रा हा जुना राजवाड्यांचा किल्ला पाहायचा होता तरीही. तिथल्या नासरी राजवाड्यांच्या तिकिटावर आत जाण्याची नेमकी वेळ छापलेली असते, तिकीट नावाने निघतं आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. ती तिकिटं बरीच आधी संपतात. आपल्या आराखड्यात ‘दुपारनंतर जमेल तसं अल्हाम्ब्रा’ असं आहे. जमेल तसं तिथे जाता येत नाही. ज्यांना जायचं आहे त्यांनी ग्रानादाला दोन रात्री द्याव्यात आणि आधी अल्हाम्ब्राचं तिकीट काढून मग बाकीची सहल त्याभोवती रचावी.

वारांचाही विचार करावा. बार्सिलोनाची मेट्रो शुक्रवारी रात्री दोनपर्यंत आणि शनिवारी रात्रभर चालते, म्हणून शुक्रवार ते रविवारच्या रात्री आम्ही तिथे ठेवल्या. भाचीच्या दृष्टीने हे सगळ्यात महत्त्वाचं होतं. मुलीला पहाटे घरी परतायला सार्वजनिक वाहन आहे की नाही, हे आईला आणि मावशीला आधी ठाऊक असावं. माद्रिदची मेट्रो बहुतेक रात्री दीडला बंद होते आणि सहाला सुरू होते. तिथे एक तर दीडच्या आत निघायचं किंवा टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवायचे. जिथे रात्र लांबणार त्याच्या दुसऱ्या सकाळी वेळेचं तिकीट किंवा गाडी ठेवू नये. रात्रीची मजा फक्त नाचघरांतच असते असंही नाही. माद्रिदच्या ला लातीना भागात किंवा सेव्हियाच्या आलामेदा चौकात रात्री अकराला आजी-आजोबा बाकांवर बसलेले असतात आणि नातवंडं चेंडू खेळत असतात. ताई आणि मी तिथे बसून राहिलो, ती माझी आवडती वेळ.

मंगळवारी सकाळी व्हॅलेन्सियाचा मध्यवर्ती बाजार पाहिला. 1928 सालची ती इमारत, रंगीत काचा, घुमट आणि खाली भाज्यांचे ढीग. तो रविवारी बंद असतो आणि इतर दिवशी दुपारी तीनला आवरतो. समोरच रेशमाच्या व्यापाऱ्यांची जुनी बाजारपेठ, ला लोंखा, तिथले पिळाचे उंच खांब पाहून ताई हरखून गेली. मग पाएया. आपण तो रात्रीच्या जेवणात घातला आहे. व्हॅलेन्सियात तो दुपारचाच पदार्थ मानतात. शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा सरोवराकाठी भातशेती आहे, तिथला हा शेतकऱ्यांचा भात. मुळात त्यात कोंबडी, ससा आणि शेंगा. कोळंबीचा पाएया हा वेगळा प्रकार. भाज्यांचाही मिळतो, पण रस्सा कशाचा आहे ते विचारून घ्यावं. आणि बहुधा किमान दोघांसाठीच करतात, तेही वेळ घेऊन. शाकाहारी वाचकांसाठी आणखी एक सांगते: सेव्हियात पालक आणि काबुली चण्यांची भाजी जागोजागी मिळते, ताईने ती रोज खाल्ली. साल्मोरेखो हे थंडगार, घट्ट सूप टोमॅटोचंच असतं, पण वर हॅमचे तुकडे पेरतात. मागवतानाच ‘सिन हामोन’, म्हणजे हॅमशिवाय, असं म्हणावं.

व्हॅलेन्सियात भूगोलाच्या शिक्षिकेला आणखी एक गोष्ट भेटते. 1957 च्या पुरानंतर तुरिया नदीचा प्रवाह शहराच्या दक्षिणेला वळवला आणि जुन्या पात्रात पुढे सुमारे नऊ किलोमीटरची बाग झाली. आज तिथे मुलं सायकली चालवतात, वरून जुने पूल जातात. पण त्याच नव्या पात्राच्या पलीकडच्या गावांवर ऑक्टोबर 2024 मध्ये महापूर आला आणि या आपत्तीत दोनशेहून अधिक माणसं गेली. उन्हाळाभर तापलेला भूमध्य समुद्र आणि वरून येणारी थंड हवा, यामुळे तिथे शरद ऋतूत अशी वादळं होतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी हवामान खात्याचे इशारे रोज पाहावेत.

मग जावं कधी? समुद्र हवा असेल तर मी सप्टेंबरचा उत्तरार्ध सुचवेन. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, त्यामुळे मे महिन्यातल्या पाण्यापेक्षा सप्टेंबरचं पाणी कितीतरी उबदार असतं. बार्सिलोनात त्याच सुमारास, 24 सप्टेंबरच्या आसपास, ला मेर्से हा ग्रामदेवतेचा उत्सव असतो. माणसांचे मनोरे रचतात, रस्त्यांत संगीत असतं, आणि त्यातलं बरंचसं विनामूल्य. संस्कृती आणि रात्र एकाच चौकात मिळतात. तिथले शहरालगतचे वाळूचे किनारे 1992 च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने घडवलेले आहेत, मेट्रोने जाता येतं. सकाळी जावं, आणि पाण्यात शिरताना एकाने सामानापाशी थांबावं; पाकीटमारी तिथे खरोखरच होते.

माझ्या मुलाला मात्र खरा समुद्र मिळाला तो कादिझला. सेव्हियाहून रेल्वेने पावणेदोन तासांच्या आत, स्टेशनातून बाहेर पडलं की जुनं शहर सुरू. तिथे आम्ही सोमवारी गेलो, कारण अनेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि समुद्र उघडा असतो. ला कालेताचा छोटा किनारा दोन किल्ल्यांच्या मध्ये आहे आणि अटलांटिककडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्यास्त पाण्यातच. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम जाणवते, इथे वाळू दिवसभरात रुंद होते आणि आक्रसते. तळलेली मासळी कागदात बांधून मिळते. मुक्काम हलवावा लागला नाही, बॅगा सेव्हियातच होत्या.

माद्रिदबद्दल थोडंच. प्रादो हे चित्रसंग्रहालय शेवटचे दोन तास विनामूल्य असतं, पण रांग लागते आणि दोन तास पुरत नाहीत. ज्यांना चित्रांची आवड आहे त्यांनी सकाळचं तिकीट काढावं. रेइना सोफिया मंगळवारी बंद. पिकासोचं 1937 सालचं ‘गेर्निका’ तिथे आहे, पावणेआठ मीटर रुंद. आपल्या आराखड्यात या संग्रहालयाला चाळीस मिनिटं दिली आहेत. ताई त्या एका चित्रासमोर त्याहून जास्त वेळ उभी होती.

संपादक महोदय, आपली पुरवणी वाचून लोक खरोखर सहली ठरवतात, वर्षानुवर्षं साठवलेले पैसे काढतात. म्हणून विनंती अशी की शहरांच्या नावांबरोबर तिथे किती रात्री, मधली गाडी दारापासून दारापर्यंत किती वेळ घेते, कोणत्या वारी काय बंद, स्वयंपाकघर केव्हा उघडतं आणि रात्रीचं शेवटचं वाहन केव्हा, एवढं अवश्य छापावं. जागा कमी पडत असेल तर एक छायाचित्र कमी चालेल.

पुढच्या भागात पोर्तुगाल येणार असं आपण जाहीर केलं आहे. तिथलं घड्याळ स्पेनपेक्षा एक तास मागे असतं, आणि लिस्बनमधला जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. लिस्बनहून कास्काइशचा किनारा लोकलने चाळीसेक मिनिटांवर आहे, तर पोर्तोला जायला सुमारे तीन तास लागतात. कृपया लिस्बनला चार रात्री द्याव्यात आणि पोर्तोला तीन, आणि तिसरं शहर घालू नये.

आपली नियमित वाचक,
भूगोलाची एक निवृत्त शिक्षिका