शनिवारी पणजीला जातोय

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा नुसते "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. ते "बरं" अजून कानातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो. मी परत पोकर, म्हणजे पैसे लावून पत्ते, खेळायला पणजीच्या कॅसिनोत जाणार आहे. ठरलंय. नानाकाकांच्या वेळी तुम्हाला सगळं भर बाजारात दुसऱ्यांकडून कळलं होतं. तसं पुन्हा व्हायला नको.

आधी पैशांचं सांगतो. नोकरी सोडलेली नाही, सोडणारही नाही. यंदाच्या कौलांचे पैसे, आईच्या मोतीबिंदूचे, दोघांच्या वर्षभराच्या औषधांचे, सगळे आईच्या नावावरच्या खात्यात आहेत आणि पासबुक बाबांच्या कपाटात आहे. खेळासाठी दीड लाख वेगळे काढलेत. संपले तर खेळ थांबला. वर रुपया घालणार नाही, उसने तर नाहीच नाही.

आई, टीव्हीवर तू बघितलंस ते मोबाइलवरच्या खेळाचं. पैसे लावून ऑनलाइन खेळणं 2025च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्याने बंद झालं, माझंही तेव्हाच सुटलं. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी गोव्याच्या 1976च्या कायद्याखाली परवान्यावर चालतात. ओळखपत्र दाखवून आत जायचं असतं, लपूनछपून काही नाही. सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवरचा जीएसटी 28चा 40 टक्के झाला, खेळ महाग झाला, हेही मला कळतं. म्हणूनच कमी पैशांच्या लहान टेबलावर बसणार आहे.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते. "थोडे गेले" म्हणालो होतो. पणजीच्या सात फेऱ्यांत दोन लाख चाळीस हजार गेले.

डिसेंबरातली एक रात्र सांगतो. माझ्या हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे. दोघांचेही सगळे पैसे मध्ये गेले आणि पानं उघडली. अशा डावात शंभरातून साधारण ब्याऐंशी वेळा एक्केवाला जिंकतो. टेबलावर दोघांसाठी सामाईक पाच पानं पडतात. चार पडली, राजा आला नाही. पाचवं पान किलवरचा राजा, म्हणजे त्याचे तीन राजे झाले. समोरचा माणूस काही बोललाही नाही. डीलरने चिपांचा ढीग दोन्ही हातांनी त्याच्याकडे सरकवला. त्या राजाबद्दल माझी तक्रार नाही, असं होतंच. चूक त्यानंतर झाली. तेव्हाच उठायला हवं होतं. मी पहाटे साडेचारपर्यंत बसलो आणि आणखी तीस हजार घालवले. परत येताना पत्रादेवीच्या नाक्यापर्यंत डोळे मिटून होतो, पण झोप नव्हती.

नंतर वही काढून प्रत्येक रात्र लिहिली. निम्म्याहून जास्त पैसे असे रागाच्या भरात गेलेत. चार महिने पत्त्याला हात लावला नाही, ते हे नीट कळावं म्हणून. कॅसिनोत तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे सात फेऱ्यांत जेमतेम दोन हजार. तेवढ्यावरून खेळ येतो की नाही ते ठरत नाही. रागावर ताबा नाही, हे मात्र ठरलं. आता पन्नास-शंभर रुपयांपासून पैज लागते त्या टेबलावर दहा हजार घेऊन बसणार, दोनदा गेले की उठणार. रात्री दोन वाजता, जिंकत असलो तरी, उठणार. दारू नाही. वही तुम्हाला दाखवीन, बाबा. तुम्ही हिशेब तपासा.

मोजायला तुम्हीच शिकवलंत. मे महिन्यात पडवीत मेंढीकोट, आजी माझी जोडीदार. पान टाकण्याआधी तुम्ही विचारायचात, "मेंढ्या किती गेल्या? हुकूम किती बाहेर?" चुकलो की पानं पालथी ठेवायला लावायचात, आणि आई कोकमाचं सरबत पुढे करून म्हणायची, "पुरे आता, रडेल तो." राजवाड्यात गंजिफा रंगवताना बघायला नेलं होतंत, आठवतं? दशावतारी संचाची एकशेवीस गोल पानं. मला मत्स्याचं पान हवं होतं आणि मी मोती तलावापर्यंत रडत आलो होतो. तुम्ही मला खांद्यावर घेतलंत. याचा दोष मी तुमच्यावर टाकत नाही, बाबा. पत्ते हातात आले की तुम्हीच आठवता, एवढंच.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळची सकाळीच घ्यायची, "बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही, कौलांची माणसं आली की लांबून बघायचं. आईने ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायची नाही. मी त्या आठवड्याची रजा टाकली आहे, डोळ्यांत थेंब मीच घालणार. गिझरचं बटण आंघोळीआधी बंद करा, किती वेळा सांगायचं!

शनिवारी सकाळी सावंतवाडीला उतरेन, जेवून दुपारी पणजीला जाईन. आई, खास काही करू नकोस. आंबोळ्या असल्या तर बरंच. रात्री माझी वाट बघत जागू नका, कडी आतून लावून झोपा. रविवारी सकाळी येईन. आणि बाबा, शनिवारी दुपारी बोलायचं नसलं तरी पडवीत येऊन बसा.

तुमचा,
बाबू